सेंट्रल लॉकच्या तारांचा माग

गाडीला चोरीविरोधी अलार्म बसवताना सायरन, इंडिकेटर आणि धक्क्याचा सेन्सर यांची जोडणी फारशी अवघड नसते. काम अडते ते सेंट्रल लॉकपाशी. अलार्मच्या मॉड्यूलमधून, म्हणजे मुख्य डब्यातून, निघणाऱ्या तारा सगळ्या गाड्यांसाठी सारख्याच असतात, पण त्या ज्या यंत्रणेला जोडायच्या ती गाडीगणिक निराळी असते, आणि खोक्यातल्या आकृतीकडे नुसते पाहून केलेली जोडणी कुठेतरी लंगडी राहते. इंदूरच्या रामचंद्र नगरात राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीच्या गाडीवर हे काम मी नुकतेच मुळापासून केले. मी पिथमपूरच्या एका कारखान्यात विद्युत देखभालीचे काम पाहतो, त्यामुळे रिले (विजेवर चालणारे स्विच), फ्यूज आणि मीटर यांच्याशी माझा रोजचा संबंध आहे. तरीही मोटारीच्या दारांतल्या वायरिंगचे दुखणे कारखान्यातल्या पॅनेलपेक्षा वेगळे असते, आणि ते शोधण्याची रीतही थोडी वेगळी असते. ही रीत ज्यांना उपयोगी पडेल त्यांच्यासाठी ते सगळे क्रमाने लिहीत आहे.

गाडी जुनी हॅचबॅक आहे. तिला कंपनीचा रिमोट नव्हता. चालकाच्या दाराला किल्ली लावली किंवा आतली खुंटी दाबली की बाकीची तीन दारे आपोआप बंद होत, एवढीच सोय होती. चालकाच्या दारात मोटर नव्हती, फक्त खुंटीच्या दांड्याला जोडलेला एक स्विच होता. भावजींनी एका दुकानातून अलार्म बसवून घेतला, तेव्हा तिथल्या कारागिराने चालकाच्या दारात दोन तारांची एक नवी मोटर बसवली, म्हणजे रिमोटने चारही दारे बंद व्हावीत. कल्पना योग्य होती, पण गाडी घरी आली ती तक्रारी घेऊनच. रिमोटचे बंद करण्याचे बटण दाबले की तीन दारे बंद होत आणि चालकाचे उघडेच राही. उघडण्याचे बटण दाबले की काहीच घडत नसे. चालकाच्या दाराला किल्ली लावून फिरवली की चारही दारांच्या खुंट्या एकसारख्या वरखाली होऊ लागत आणि लॉकचा फ्यूज उपटून काढेपर्यंत तो खडखडाट थांबत नसे. शिवाय डावीकडचे मागचे दार कधी बंद होई, कधी होत नसे. दुकानदाराचा निर्णय झालेला होता: “मॉड्यूल गया भाईसाब, नया डालना पड़ेगा.” ताई मला म्हणाली, “अरे, पुन्हा पैसे घालण्याआधी तू एकदा बघ तरी.”

मॉड्यूल बिघडले आहे असे म्हणणे सोपे असते, पण ते तपासणे त्याहून सोपे आहे. मी डॅशबोर्डखालून मॉड्यूल मोकळे करून हातात धरले आणि रिमोटची बटणे दाबली. प्रत्येक बटणाला आतल्या रिलेचा एकच स्वच्छ ‘टक्’ असा ठोका बोटांना जाणवत होता; बंदला एक, उघडायला एक. म्हणजे मॉड्यूल आपले काम करत होते. मग त्याचा कपलर (तारा जोडणारा प्लग) पूर्ण काढून ठेवला आणि चालकाच्या दाराला किल्ली लावली. अलार्मचा गाडीशी काही संबंध उरलेला नसतानाही खुंट्यांचा खडखडाट तसाच सुरू झाला. एवढ्या एका चाचणीने नव्या मॉड्यूलचा खर्च टळला. दुकानात ही चाचणी कोणी का केली नाही, याचे मला खरोखर वाईट वाटले, कारण तिला एकही उपकरण लागत नाही.

आता गाडीची मूळ यंत्रणा कोणत्या जातीची आहे हे ठरवायचे होते. ही पायरी गाळून पुढे जाणे म्हणजे अंधारात तारा जोडणे होय. साधारणपणे जुन्या गाड्यांत तीन प्रकार भेटतात. पहिल्या प्रकारात चालकाच्या दाराचा स्विच एका कंट्रोल युनिटला खूण म्हणून अर्थ देतो (अर्थ म्हणजे गाडीच्या बॉडीशी, बॅटरीच्या निगेटिव्हशी जोड), आणि युनिट मग मोटरांना विजेचा झटका देते. याला निगेटिव्ह ट्रिगर म्हणतात. दुसऱ्यात खूण अर्थऐवजी बारा व्होल्टची असते; तो पॉझिटिव्ह ट्रिगर. तिसऱ्यात युनिटच नसते. मोटरांचा पूर्ण प्रवाह स्विचमधूनच जातो, विश्रांतीच्या वेळी मोटरांच्या दोन्ही तारा अर्थवर असतात, आणि स्विच फिरवला की त्यांपैकी एकीवर बारा व्होल्ट येतात. या तिसऱ्या प्रकारात तारा कापून त्यांच्या मध्ये रिले घालावे लागतात, नुसती तार चिकटवून भागत नाही. काही जुन्या परदेशी गाड्यांत निर्वात पंपावर चालणारी लॉकही होती. अलार्मच्या मॉड्यूलवर लॉकचा झटका 0.8 सेकंद की 3.5 सेकंद हे निवडण्याचा जो जंपर (दोन पिना जोडणारी छोटी क्लिप) असतो, त्यातले 3.5 सेकंद त्या पंपांसाठी असतात. आपल्या साध्या मोटरांना तो लहान झटक्यावरच ठेवावा.

तारांना हात लावण्यापूर्वी बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल काढला आणि पुढची सगळी उघडझाक त्या अवस्थेत केली. फक्त चाचणीपुरता तो पुन्हा जोडत गेलो. एक सूचना इथेच देतो, कारण तिच्यात जिवाचा प्रश्न आहे. एअरबॅग असलेल्या गाडीत स्टिअरिंगखाली आणि डॅशबोर्डमागे पिवळ्या आवरणाच्या किंवा पिवळ्या कपलरच्या तारा दिसतात, त्यांना टेस्ट लँप (वीज तपासण्याचा बल्ब) कधीही लावू नये. बल्बमधून जाणारा प्रवाह एअरबॅग फोडण्यास पुरेसा ठरू शकतो.

चालकाच्या पायाशी, उजव्या बाजूच्या प्लास्टिकच्या झाकणामागे लॉकचे कंट्रोल युनिट सापडले. त्याला सहा तारा होत्या. एक फ्यूजमधून येणारा पॉझिटिव्ह आणि एक अर्थ, या लगेच ओळखता आल्या. दोन जाड तारा पुढे फुटून सगळ्या दारांकडे गेल्या होत्या, म्हणजे त्या मोटरांच्या. उरलेल्या दोन बारीक तारा चालकाच्या दाराकडे जात होत्या. मीटरचे काळे टोक बॉडीला लावून लाल टोकाने या बारीक तारा पाहिल्या. खुंटी खाली असताना एकीवर शून्य आणि दुसरीवर जवळजवळ बॅटरीइतके व्होल्टेज, आणि खुंटी वर केली की नेमके उलट. या स्विचचा स्वभाव त्यावरून कळला. तो क्षणभर टेकून सुटणारा नव्हता. खुंटी ज्या स्थितीत असेल त्या बाजूला तो टेकूनच राहत होता. हा मुद्दा पुढे फार कामी आला.

पण एवढ्यावरून खूण अर्थची आहे की बारा व्होल्टची, हे ठरत नाही. दोन्ही प्रकारांत मीटरवर हेच चित्र दिसेल. चांगल्या डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण दहा मेगाओहम असतो, म्हणजे बारा व्होल्टवर तो जेमतेम एक मायक्रोअँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. इतक्या कमी मागणीला कोणतीही तार, कितीही अशक्त असली तरी, बारा व्होल्ट दाखवू शकते. मीटर दाब सांगतो, तारेची ताकद सांगत नाही. ताकद पाहायची तर तिच्यावर भार टाकावा लागतो. खूण देणाऱ्या बारीक तारांसाठी मी पाच वॅटचा बल्ब घेतला, जो बारा व्होल्टवर अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह घेतो. बल्बचे एक टोक बॉडीला जोडून दुसरे त्या ‘बारा व्होल्ट’च्या तारेला टेकवले. बल्ब पेटला नाही, मीटरवरचे व्होल्टेज कोसळले आणि त्याच क्षणी मागच्या दारांच्या खुंट्या हलल्या. तारेवरचे व्होल्टेज युनिटच्या आतल्या रोधातून झिरपून आलेले होते, आणि तारेला अर्थ मिळताच युनिटने ती खूण मानली. यंत्रणा निगेटिव्ह ट्रिगरची असल्याचा याहून स्पष्ट पुरावा नको होता.

मग मॉड्यूलकडे वळलो. बहुतेक अलार्मना लॉकसाठी सहा तारा असतात, दोन रिलेंच्या प्रत्येकी तीन: सामाईक, एरवी उघडी असणारी आणि एरवी जोडलेली. रंगांवर माझा विश्वास नाही, कारण एकाच दिसण्याच्या दोन मॉड्यूलांचे रंग वेगळे निघू शकतात. मॉड्यूल बंद असताना मीटर बझरवर ठेवून, म्हणजे टोके आतून जोडलेली असली की ते वाजेल असे, तारांच्या जोड्या पाहिल्या. ज्या दोन तारांत बझर वाजला त्या एकाच रिलेच्या सामाईक आणि जोडलेली. मॉड्यूलला वीज देऊन बटण दाबले की क्षणभर ज्या तारेचा एरवी उघड्या तारेशी बझर वाजतो, ती सामाईक. हे काम दोघांनी केलेले बरे, एकाने बटण दाबायचे आणि दुसऱ्याने टोके धरायची. माझ्या भाच्याने रिमोट सांभाळला. निगेटिव्ह ट्रिगरसाठी दोन्ही सामाईक तारा अर्थला, दोन्ही उघड्या तारा युनिटच्या दोन बारीक तारांना, आणि जोडलेल्या दोन तारांची टोके वेगवेगळी टेप करून मोकळी सोडायची. दुकानातल्या कारागिराने हेच केलेले होते. अलार्मची जोडणी बरोबर होती; चूक त्याच्या पलीकडे होती.

आता सगळे वागणे एका ओळीत बसवता येत होते. नवी मोटर चालकाच्या दारात बसवून तिच्या दोन तारा युनिटच्या दोन जाड तारांना जोडल्या होत्या, पण उलट. युनिट ‘बंद’चा झटका देई तेव्हा तीन दारांच्या खुंट्या खाली जात आणि चालकाची मोटर मात्र आपली खुंटी वर ढकले. रिमोटने बंद केल्यावर म्हणूनच चालकाचे दार उघडे राही. खुंटी वरच असल्यामुळे तिचा स्विच ‘उघडा’च्या तारेला सतत अर्थ देत राही, आणि रिमोटने त्याच तारेला पुन्हा अर्थ दिला तर युनिटच्या दृष्टीने काहीच नवे घडत नसे; उघडण्याचे बटण मुके वाटे ते त्यामुळे. किल्लीने खुंटी खाली केली की स्विच ‘बंद’ची खूण देई, युनिट झटका देई, उलटी मोटर खुंटी वर नेई, स्विच ‘उघडा’ची खूण देई, युनिट उलटा झटका देई, मोटर खुंटी खाली आणी, आणि हे चक्र फ्यूज निघेपर्यंत फिरत राही. तीन वेगळ्या दिसणाऱ्या तक्रारींचे मूळ एकाच अदलाबदलीत होते.

तर्क पटला तरी तो तपासूनच मान्य करावा. एकवीस वॅटचा बल्ब आधी एका जाड तारेला आणि बॉडीला लावून युनिटला दोन्ही खुणा दिल्या, मग दुसऱ्या जाड तारेला. ‘बंद’च्या वेळी ज्या तारेवर बल्ब अर्धा क्षण लखकन पेटला, तिच्यावर चिकटपट्टीची खूण केली. मग चालकाची मोटर सुटी करून पाच अँपिअरच्या फ्यूजमधून थेट बॅटरी दाखवली आणि कोणत्या तारेला पॉझिटिव्ह दिल्यावर दांडा खाली ओढला जातो ते पाहिले. दोन्ही खुणा जुळवून तारा जोडल्या. किल्ली फिरवली, चारही खुंट्या एकदाच खाली गेल्या आणि तिथेच थांबल्या. रिमोटची दोन्ही बटणेही मुकाट काम करू लागली.

दुकानात मोटर बसवतानाच तिची यांत्रिक जुळणीही ढिली ठेवलेली होती, तीही याच वेळी सुधारली. या मोटरांच्या दांड्याची चाल साधारण दोन सेंटीमीटर असते. खुंटीची चाल त्याआधीच संपत असेल तर मोटर प्रत्येक वेळी अडून तापते, आणि मोटरची चाल कमी पडली तर स्विच मधल्या जागी लटकतो. दांडे जोडणारा चिमटा सैल करून खुंटी हाताने दोन्ही टोकांना नेली, मोटर मधोमध आणून चिमटा घट्ट केला.

उरले डावीकडचे मागचे दार. या एका दारावर बाकी सगळ्याहून जास्त वेळ गेला.

दाराचे पॅड काढले. हँडलच्या खोबणीतला स्क्रू, काचेच्या हँडलची तारेची क्लिप आणि कडेने बसवलेली प्लास्टिकची बटणे, असे सगळे सुटले की आतला कपलर हाती येतो. मोटर सुटी करून थेट बॅटरी दाखवली तर ती जोमाने हलली. कपलरवर मीटर लावले आणि भाच्याला बटण दाबायला सांगितले. इथे एक अडचण असते. लॉकचा झटका सेकंदाहून लहान असतो आणि डिजिटल मीटर तेवढ्यात स्थिरावत नाही, मधलाच काहीतरी आकडा दाखवून शून्यावर येतो. कमाल आकडा धरून ठेवण्याची सोय असलेले मीटर किंवा जुने काट्याचे मीटर असेल तर हा गोंधळ टळतो. माझ्या मीटरला ती सोय होती, आणि त्याने कपलरवर बारा व्होल्टच्या वर आकडा दाखवला. मोटर चांगली, वीज चांगली, तरी मोटर हलत नव्हती. पुष्कळदा इथेच माणूस मोटर बदलतो, नवीही तशीच वागते, आणि मग तो युनिट बदलतो.

मी मीटरच्या जोडीला एकवीस वॅटचा बल्ब लावला. तो बारा व्होल्टवर पावणेदोन अँपिअर मागतो, म्हणजे लॉकच्या मोटरीच्या मागणीच्या बराच जवळ. बटण दाबले तेव्हा बल्बची तार जेमतेम लालसर झाली आणि मीटरचा कमाल आकडा पाचाच्याही खाली आला. वाटेत कुठेतरी रोध होता. हिशेब सरळ आहे: वाटेतल्या तारेत तीन ओहमचा रोध असेल आणि मोटरीने तीन अँपिअर मागितले तर नऊ व्होल्ट वाटेतच जातात, मोटरीला तीनच उरतात. मीटर एकटे असताना प्रवाह मायक्रोअँपिअरचा, म्हणून त्याच तीन ओहममध्ये काहीच हरवत नाही आणि पडद्यावर निर्मळ बारा दिसतात.

रोध कुठे आहे हे शोधायला वाट अर्धी अर्धी करत जावे. मधल्या खांबाच्या खालचे झाकण काढले, दाराकडे जाणारा कपलर तिथे मिळाला, आणि त्याच बल्बने तिथे तपासले. बल्ब पूर्ण तेजाने पेटला. म्हणजे युनिटपासून खांबापर्यंतची तार निर्दोष, आणि दोष खांब व दाराचे पॅड यांच्या मधल्या वीतभर अंतरात, रबरी बूटमध्ये, म्हणजे तारांवरच्या रबरी नळीत. दार प्रत्येक वेळी उघडताना आणि लावताना तारा याच जागी वाकतात, पावसाचे पाणी आणि धूळही इथेच शिरते. दोष नक्की इथलाच आहे हे पटवून घेण्यासाठी काच खाली करून बल्ब दाराच्या आत लोंबता ठेवला आणि दार लावून बटण दाबले. दार बंद असताना बल्ब बराच उजळ पेटे, आणि दार पूर्ण उघडे असताना मंद. तार ताणली की आतला स्पर्श सुटत होता, सैल झाली की जुळत होता. दार कधी बंद होई, कधी होत नसे, याचा उलगडा झाला.

बूट खांबाच्या बाजूने सोडवून मागे सरकवला. बाहेरून बघता एकही तार तुटलेली दिसत नव्हती, सगळ्यांचे आवरण शाबूत होते. अशा वेळी प्रत्येक तार दोन चिमटींत धरून हलकेच ओढावी. आत तांबे अखंड असेल तर तार ताठ राहते. तुटलेले असेल तर त्या जागी नुसते आवरण रबरासारखे लांबते. तिसरी तार ओढली आणि ती बिजागरीसमोरच्या वळणावर लांबली. आवरण चिरून पाहिले तर तांब्याच्या बहुतेक केसतारा तुटून त्यांच्या टोकांवर हिरवा थर चढला होता, आणि दोन-चार काळ्या पडलेल्या केसतारांवर त्या दाराचा सगळा भार होता. शेजारच्या तारेचे तांबेही त्याच जागी काळवंडलेले होते, म्हणून दोन्ही बदलायचे ठरवले.

इथल्या दुरुस्तीविषयी माझे मत ठाम आहे. बूटच्या आत कधीही जोड देऊ नये. सोल्डर केलेल्या जागी तार ताठ होते आणि सोल्डर जिथे संपते तिथेच पुढच्या काही महिन्यांत पुन्हा तुटते; पिळून टेप गुंडाळलेल्या जोडाची तर गोष्टच नको. इंदूरच्या मे महिन्यात बंद गाडीत टेपचा गोंद वितळून टेप सुटते, हे या गाडीतही दिसले, कारण चालकाच्या दाराच्या बूटमध्ये नव्या मोटरीच्या तारांना असाच जोड दिलेला होता. दोन्ही दारांत खांबाच्या आतून दाराच्या आतपर्यंत अखंड नवी तार ओवली आणि जोड दोन्ही बाजूंच्या कोरड्या, स्थिर जागी दिले. छोट्या ग्वालटोलीत मोटारींसाठीची बारीक केसतारांची, मऊ आवरणाची तार मिळते, एक चौरस मिलीमीटरची घेतली. घरच्या वायरिंगची ताठ तार इथे चालत नाही. योग्य मापाचे क्रिंप (तार दाबून जोडणारी धातूची नळी) आणि त्यावर हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) एवढे पुरे. बूटमधून तार ओवताना आधी एक पातळ पोलादी तार घालून तिला नवी तार बांधली आणि साबणाचे पाणी लावले. ग्रीस किंवा तेल लावू नये, रबर फुगते. बूट पुन्हा बसवण्याआधी दार पूर्ण उघडून पाहिले आणि तारांना थोडा ढिलेपणा राहील एवढी लांबी ठेवली.

यानंतर उरलेल्या दोन दारांचेही कपलर त्याच एकवीस वॅटच्या बल्बने तपासले, जरी त्यांची तक्रार नव्हती. दोन्हीकडे बल्ब सारखाच तेजस्वी पेटला. युनिटचा अर्थ ज्या बोल्टखाली होता तिथला रंग आणि गंज खरवडून तो पुन्हा आवळला. अलार्मचा अर्थ आधी डॅशबोर्डच्या एका कामचलाऊ स्क्रूला दिलेला होता, तोही याच जागी आणला, आणि अलार्मच्या पॉझिटिव्ह तारेला बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज दिला. लॉकच्या फ्यूजच्या जागी कोणीतरी वीस अँपिअरचा घातला होता. झाकणावर पंधरा लिहिलेले होते, तो पंधराचा केला.

शेवटची तपासणी उभ्या गाडीच्या प्रवाहाची, कारण अलार्म चोवीस तास जागा असतो. मीटर दहा अँपिअरच्या जागी लावून बॅटरीच्या निगेटिव्हशी मालिकेत जोडले, दारे लावून गाडी अलार्मवर टाकली आणि काही मिनिटे थांबलो. मीटर जोडलेले असताना स्टार्टर मारू नये, मीटरचा फ्यूज जातो. प्रवाह पंचवीस मिलिअँपिअरच्या आसपास स्थिरावला. पन्नासच्या खाली असला तर साधारणपणे काळजी नसते. पंचवीसचा हिशेब केला तर दिवसाला 0.6 अँपिअर-तास, महिन्याला अठरा, म्हणजे या गाडीच्या 35 अँपिअर-तासांच्या बॅटरीचे निम्मे भांडवल. ताई आणि भावजी दरवर्षी दीडेक महिना नागपूरला जातात आणि गाडी इथेच उभी असते. तेवढ्या काळासाठी निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा आणि दार किल्लीने लावा, असे त्यांना सांगितले. भावजींनी विचारले, “मग विम्याला काही सवलत मिळेल का हो?” पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेची मान्यता असलेले उपकरण असेल आणि त्याची बसवणी प्रमाणित असेल तर जुन्या मोटार टॅरिफप्रमाणे (विम्याच्या दरपत्रकाप्रमाणे) स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, कमाल पाचशे रुपये, सवलत असे, या खोक्यावर मात्र तशी मान्यता छापलेली नव्हती.

धक्क्याच्या सेन्सरची संवेदनशीलता शेवटी कमी केली, कारण शेजारून ट्रक गेला तरी सायरन वाजत होता. कंट्रोल युनिटच्या सहा तारा, त्यांचे रंग, कोणती ‘बंद’ची आणि कोणती ‘उघडा’ची, अलार्मची कोणती तार कुठे जोडली आणि फ्यूज कुठे आहे, हे एका कागदावर आकृतीसह लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवले. मागची डिकी अजून सेंट्रल लॉकमध्ये नाही. तिच्यासाठी दोन तारांची आणखी एक मोटर लागेल, आणि ती जोडताना डिकीच्या बिजागरीजवळचा रबरी बूट आधी उघडून पाहावा लागेल, कारण नंबरप्लेटचा दिवाही अधूनमधून जातो असे ताई सांगते, आणि त्याची तार त्याच बूटमधून जाते.